बॉक्स टर्टल पाळायचंय? आधी जमिनीचं बोला

मुंबईत कुणी ‘आमच्याकडे कासव आहे’ म्हणालं की बहुतेक वेळा काचेच्या टाकीत हातपाय मारणारं हिरवं पिल्लू निघतं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं. ते रेड-इअर्ड स्लायडर, अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं पाणकासव. पण परदेशी व्हिडिओ बघितलेले काही जण हल्ली वेगळंच नाव घेतात: बॉक्स टर्टल. घुमटासारखी उंच पाठ, तपकिरी कवचावर पिवळ्या-नारिंगी रेघा, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा जीव. भुंकत नाही, केस गळत नाहीत, शेजारी तक्रार करत नाहीत. वन रूम किचनमध्येही जमून जाईल, असं वाटायला लावणारा प्राणी. प्रत्यक्षात फ्लॅटमध्ये ठेवायला इतका अवघड पाळीव प्राणी क्वचितच सापडेल, आणि याचं कारण त्याच्या अंगाच्या कारभारात आहे.

आधी ओळख करून घेऊ. या कासवाच्या पोटाकडच्या कवचाला आडवी बिजागरी असते. धोका वाटला की डोकं, पाय, शेपूट आत ओढायचं आणि पोटाकडची दोन्ही झाकणं वर उचलून पाठीच्या कवचाला टेकवायची. मग कोल्ह्याच्या दातालाही फट सापडत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे ती अंग आवरून घेण्यासाठी. बॉक्स टर्टल अंग आवरून वर दारही लावून घेतं. मात्र अंड्यातून निघालेल्या पिल्लाची बिजागरी चालत नाही, ती कामाला लागायला काही वर्षं जातात. आणि माणसाच्या घरात खाऊन खाऊन सुटलेल्या मोठ्या कासवालाही दार लावता येत नाही. मांड्यांजवळून चरबी बाहेर येते आणि झाकण अर्धवटच राहतं.

या नावाखाली दोन वेगळी घराणी येतात. अमेरिका आणि मेक्सिकोतलं टेरापीन हे एक. त्यातलं ईस्टर्न बॉक्स टर्टल पानगळीच्या जंगलातलं, साधारण 11 ते 15 सेंटीमीटर लांबीचं. ऑर्नेट हे कोरड्या गवताळ माळावरचं. मेक्सिकोतल्या क्वात्रो सिएनेगास खोऱ्यातलं कोआहुइला बॉक्स टर्टल तर बराच वेळ पाण्यात असतं. दुसरं घराणं आशियातलं, क्युओरा. त्यातल्या दोन जाती आपल्या ईशान्य भारतात रानात आढळतात. म्हणजे ‘बॉक्स टर्टलला काय लागतं’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पाळणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त बोलबाला ईस्टर्नचा असतो, म्हणून इथून पुढचं सगळं मुख्यतः त्याच्याबद्दल.

कागद नसेल तर विषय संपला

टेरापीन घराण्यातल्या सगळ्या जाती साइट्स या, वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. कोआहुइला सर्वांत कडक अशा परिशिष्ट एकमध्ये, बाकीच्या 1994 साली फोर्ट लॉडरडेलला झालेल्या परिषदेच्या निर्णयाने परिशिष्ट दोनमध्ये. क्युओराची पाळी 2000 साली आली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांसाठी त्यात चौथी अनुसूची आहे. 2024 च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने परिवेश 2.0 या पोर्टलवरून वन खात्याकडे नोंद करायची असते. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तर तेही कळवायचं असतं. परदेशातून आणायचा तर आयातीचे परवाने वेगळे.

‘पेपर नंतर देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून कासव घेणं म्हणजे स्वतःच्या नावावर केस विकत घेणं, असं माझं मत आहे. त्यातून हाती येणारं कासव बॉक्स टर्टलच असेल याचीही खात्री नाही. नवख्या माणसाला बॉक्स टर्टल सांगून आपल्याकडचं स्टार कासव खपवणं अवघड नाही, दोघांचीही पाठ उंच आणि पिवळ्या रेघांची. स्टार कासव किंवा आपल्या तळ्यांतलं फ्लॅपशेल घरात सापडलं तर प्रकरण सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीचं होतं, म्हणजे तीन ते सात वर्षं कैद. ओळखायची साधी खूण म्हणजे पोटाकडची बिजागरी. स्टार कासवाला ती नसते.

कायदा एवढा कडक कशासाठी, तर या प्राण्याचा हिशेबच संथ आहे. वयात यायला सात ते दहा वर्षं. एका वेळी तीन ते सहा अंडी, आणि त्यातली बरीचशी रॅकून, स्कंक अशांच्या पोटात जातात. संतकवींनी कासवीला फार मोठा मान दिला आहे: ती नुसत्या नजरेने पिलांना पोसते म्हणून. वास्तवातली कासवी अंडी मातीने झाकते आणि निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. तीस-चाळीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगून, दरवर्षी थोडी अंडी घालत राहिली तरच तिच्या जागी एखादं पिल्लू मोठं होणार. एखाद्या जंगलातून दरवर्षी थोडी मोठी कासवं उचलली तरी पुढच्या पिढीत खड्डा पडतो.

बाहेरचं हवामान तेच आतलं

आपण जे खातो त्याचा मोठा वाटा शरीर 37 अंशांच्या आसपास ठेवण्यात खर्च होतो. कासव हा खर्चच करत नाही. त्याचं अंग बाहेर असेल तेवढंच गरम किंवा गार. भूक लागणं, खाल्लेलं पचणं, जखम भरणं, जंतूंशी लढणं, सगळं त्या तापमानावर ठरतं. पोटात अन्न आहे पण अंग गार आहे, तर ते विझलेल्या चुलीवर ठेवलेल्या डाळीसारखं. शिजत नाही, आंबतं. म्हणून कासव दिवसभर जागा बदलत असतं. सकाळी उन्हाचा तुकडा शोधायचा, अंग तापलं की खायला निघायचं, दुपारी पाचोळ्याखाली शिरायचं, फारच उकडलं तर चिखलात रुतून बसायचं. जे काम आपल्यात यकृत, स्नायू, घाम करतात ते कासव चालत फिरून करतं.

त्यामुळे त्याच्या घरात एक ‘योग्य तापमान’ ठेवून भागत नाही, उतार लागतो. एका टोकाला 29 ते 32 अंशांची ऊबदार जागा, दुसऱ्या टोकाला 22 ते 24 ची सावली, आणि मधलं सगळं. रात्री ऊब आणखी थोडी उतरली तर चालते, उतरावीच. मोजायचं ते भिंतीवर नाही, जमिनीपासून दोन-तीन इंचांवर, जिथे कासवाची पाठ असते तिथे. लहान टाकीत हा उतार तयारच होत नाही. दिवा लावला की सगळी टाकी तापते, बंद केला की सगळी निवते, आणि कासवाला जायला कुठे जागा उरत नाही. एका मोठ्या कासवाला खोलीत ठेवायचं झालं तर किमान चार फूट बाय दोन फूट जमीन लागते, आणि ही अगदी खालची मर्यादा आहे. बाहेर अंगण असेल तर आठ बाय चार. इथेच मुंबईतले बरेच बेत कोसळतात.

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये वन्यजीव अभ्यासक लुसिल स्टिकेल यांनी 1940 च्या दशकापासून बॉक्स टर्टल्सवर लक्ष ठेवलं. तिथली कासवं जंगलाच्या साधारण शंभर मीटर रुंद तुकड्यात वर्षानुवर्षं राहत होती. शिवाजी पार्कच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी ही जागा. थोडी आहे, पण तिथला प्रत्येक ओंडका, प्रत्येक डबकं, कुठल्या महिन्यात कुठे फळं पडतात, हे त्याला पाठ असतं. उचलून दुसरीकडे सोडलं तर अनेक कासवं जुन्या जागेच्या दिशेने चालू लागतात. घरात भिंतीला घासत तासन्‌तास येरझाऱ्या घालणारं कासव ‘खेळतंय’ असं लोकांना वाटतं, खरं तर ते बाहेरची वाट शोधत असतं. काचेची भिंत असेल तर हे जास्त होतं, कारण पलीकडचं दिसतं पण वाट सापडत नाही. म्हणून लाकडाच्या किंवा प्लायच्या अपारदर्शक भिंती बऱ्या. उंची दीड फूट तरी हवी, आणि कडेला आतल्या बाजूने पट्टी, कारण हा प्राणी चढण्यात दिसतो त्याहून तरबेज आहे.

ऊन, पण काचेतलं नाही

कवच हे अंगावर घातलेलं चिलखत नाही. फासळ्या आणि पाठीचा कणा रुंद होऊन एकमेकांना सांधले गेले की ते बनतं; वर पातळ खवल्यांचा थर. म्हणजे ते जिवंत हाड आहे, त्याला कॅल्शियम लागतं, आणि कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला डी3 जीवनसत्त्व. ते कातडीत तयार होतं, उन्हातल्या यूव्ही-बी (एक प्रकारच्या अतिनील) किरणांमुळे. हे किरण साध्या खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. खिडकीशी ठेवलेल्या टाकीत कासवाला उजेड मिळतो, उष्णता तर नको इतकी मिळते, मिळत नाही ती नेमकी कामाची गोष्ट. मग हाडं मऊ पडतात, कवच बोटाने दाबलं तर दबतं, जबडा वाकडा होतो. हे नुकसान मोठेपणी भरून निघत नाही.

मुंबई 19 अंश उत्तरेवर आहे, त्यामुळे ऊन बारा महिने खमकं. सकाळचं थेट ऊन, बाजूला सावली हाताशी ठेवून, हा उत्तम उपाय. ते नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्ही-बी ट्यूब. ती वर्षाच्या आत बदलावी लागते. दिसायला ती पेटलेलीच असते, पण त्यातले कामाचे किरण कधीच ओसरलेले असतात. कवचाला खोबरेल लावून चकाकी आणायची हौस काहींना असते. त्याने काहीही फायदा होत नाही, धूळ मात्र चिकटते.

दमट म्हणजे ओलं नाही

‘मुंबईची हवा दमटच, मग काळजी कसली?’ हा युक्तिवाद मी बऱ्याचदा ऐकला आहे. तो अर्धा खरा आहे. ईस्टर्न बॉक्स टर्टलला 60 ते 80 टक्के आर्द्रता मानवते आणि मुंबईत वर्षाचा बराच काळ ती आयती मिळते. पण जंगलात ही आर्द्रता जमिनीतून येते: वर कोरडा पाचोळा, त्याखाली ओलसर माती, आणि झाडांमधून वारा. घरात याची नक्कल करायची तर माती आणि कोकोपीट यांचा चार-सहा इंच थर, वर वाळकी पानं. खालचा थर ओलसर, वरचा जवळजवळ कोरडा. कासव त्यात शिरून बसतं, रात्री त्यातच झोपतं. फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवलेल्या कासवाला ही सोय नसते, आणि मादीचे हाल त्याहून जास्त. खणायला माती मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, अडकलेली अंडी जिवावर बेततात. नर घरात नाही म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. ईस्टर्न मादी एकदा नराशी गाठ पडल्यावर चार वर्षांपर्यंत सफल अंडी घालू शकते, आणि नराशी गाठ न पडताही मादी अंडी धरते.

पावसाळ्यात उलटी अडचण. जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, तशीच ती कासवाच्या घरातही येते. खेळती हवा नसेल आणि माती चिकट ओली राहिली तर पोटाकडचं कवच सडू लागतं. फेब्रुवारीत हवा कोरडी पडते, मार्चमध्ये पूर्वेचे गरम वारे सुटले की पारा 38-40 च्या घरात जाऊ शकतो. जंगलातलं कासव अशा वेळी जमिनीत जातं. गॅलरीतल्या लादीवरचं कासव कुठे जाणार? तिथे काही तासांत जीव जाऊ शकतो. उपाय म्हणून एसी लावला तर तो हवेतला ओलावा खेचून घेतो, डोळे-नाक कोरडी पडतात. गॅलरीत आणखी पाहुणे असतात: कावळे, मांजर, रात्री घुशी. ग्रिलला बारीक जाळी आणि वरून छप्पर नसेल तर कासव तिथे एकटं ठेवू नये.

पाण्याची ताटली उथळ हवी, कासवाच्या हनुवटीपर्यंत पाणी येईल एवढीच. ते त्यात बसेल, पिईल आणि हमखास घाणही करेल, म्हणून रोज बदलायची. याला फिशटँकमध्ये टाकणं म्हणजे बुडवणं. अंगाची ठेवण जमिनीवर चालायची आहे, फार वेळ पोहता येत नाही.

हिवाळ्याचा प्रश्न मात्र मुंबईत सुटत नाही असं मला वाटतं. मूळ मुलखात ईस्टर्न कासव थंडीचे महिने मातीत, जवळजवळ थांबलेल्या अवस्थेत काढतं, चार ते दहा अंशांच्या गारव्यात. मुंबईची थंडी सोळा-अठरावर येऊन थबकते. एवढ्यात कासव नीट झोपत नाही आणि नीट जागंही राहत नाही. थोडं खातं, ते पचत नाही, अंगातली चरबी मात्र खर्च होते. काही परदेशी पाळणारे यासाठी फ्रीज वापरतात. नवख्याने तो नाद करू नये. डिसेंबर-जानेवारीत दिव्याची ऊब देऊन त्याला जागं ठेवणं हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

ताटात काय

बॉक्स टर्टल सर्वभक्षी आहे. जंगलात गांडुळं, गोगलगाई, किडे, पडलेली बोरं, आणि भूछत्रं. यातली काही भूछत्रं विषारी असतात. कासवाला काही होत नाही, पण ते कासव खाणारी माणसं आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. पिल्लं जास्त करून किडे-गांडुळं खातात, वयाबरोबर पाला-फळं वाढतात.

आपल्याकडे कासवापुढे काकडी, कोबी, पोळीचा तुकडा किंवा माशांच्या गोळ्या टाकायची पद्धत आहे. काकडीत पाणीच जास्त. पालकातलं ऑक्झालेट कॅल्शियमला धरून ठेवतं. पोळी-दूध तर नकोच. त्याऐवजी शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, लाल भोपळा, थोडी पपई, आंब्याची फोड, आणि आठवड्यातून दोन-तीनदा गांडुळं किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. वर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. भोपळा मुद्दाम सांगितला. अ जीवनसत्त्व कमी पडलं की या कासवांचे डोळे सुजतात आणि कानाच्या जागी गाठ येते. सोसायटीच्या बागेतली गोगलगाय देऊ नका, तिथे काय फवारलंय ते माळ्यालाच ठाऊक.

आजाराच्या खुणा फार हळू दिसतात. कासवाला छातीचा पडदा नाही, फासळ्या कवचात जखडलेल्या, त्यामुळे त्याला खोकून कफ काढता येत नाही. नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, डोळे मिटलेले, खाणं बंद: यातलं काहीही दिसलं तर दोन दिवस वाट बघायची नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेले पशुवैद्य मुंबईतही मोजकेच आहेत, आणि कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात नेल्यावर शोध सुरू करण्यापेक्षा आधी फोन करून विचारलेलं बरं.

माणसाला असलेला धोका म्हणजे साल्मोनेला. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही हे जंतू असू शकतात. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं विकण्यावर 1975 साली बंदी आली ती याचमुळे. लहान मुलं ती तोंडात घालत. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, त्याची ताटली स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये विसळायची नाही, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हा प्राणी नकोच.

ज्यांच्याकडे आधीपासून कासव आहे आणि ते आता जमत नाहीये, त्यांनी ते पवईच्या तलावात, देवळाच्या तळ्यात किंवा बोरिवलीच्या जंगलात सोडू नये. बॉक्स टर्टल पाण्यात तगणार नाही. स्लायडर तगेल, आणि हीच अडचण आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि आपल्या तळ्यांतल्या कासवांचं अन्न, ऊन खायच्या जागा तो बळकावतो. वन खात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करून कोणतं कासव आहे, कधीपासून आहे, कुठून घेतलं हे सरळ सांगावं. फोन करण्याआधी पाठीचा, पोटाचा आणि डोक्याचा असे तीन फोटो काढून ठेवावेत, म्हणजे जात ओळखायला सोपं जातं. वन खात्याची माणसं न्यायला येईपर्यंत कासव एका मोठ्या खोक्यात ओलसर माती आणि पाचोळा घालून, झाकणाला हवेसाठी भोकं पाडून, सावलीत ठेवावं.